मावशीचे तीन रूळ

१२ नोव्हेंबर

चि. भिंगरी हिस मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, रस्त्यावर बर्फ साचला आहे आणि माझी सायकल जिन्याखाली उभी करून ठेवावी लागली आहे. सप्टेंबरात तू तुझ्या सायकलच्या दुकानातली कामं खोळंबवून माझ्या मागे धावलीस आणि मला सायकल शिकवलीस. बासष्टाव्या वर्षी शिकलेली ही विद्या अजून ओली आहे. आमच्या वाचनालयाच्या बांधणीखात्यात सरस वाळेपर्यंत पुस्तक दाबाखाली ठेवतात, नाहीतर पानं सुटतात. चार महिने सायकलला हात लावला नाही, तर माझं सगळं सुटणार.

सायकल कुणी विसरत नाही म्हणशील, पण ते लहानपणी शिकलेल्यांचं. मी उणेपुरे एकोणीस दिवस चालवली आहे. जन्मभर मी कुणाच्या तरी मागे बसून गेले. आधी दादाच्या, मग तुझ्या काकांच्या, आणि ते गेल्यापासून बसने. बर्फ वितळला की तुझ्या दुकानापर्यंतचे अकरा किलोमीटर मला माझी मी यायचं आहे. दुसरं काही मागणं नाही. तेव्हा घरात सायकल चालवायचं ते यंत्र कोणतं घेऊ, ते लिही. फोन करू नकोस. फोनवर तू एका हाताने चेन पुसत नुसतं हो हो म्हणतेस.

तुझ्या आईला यातलं सांगू नकोस. मला चळ लागलाय असं ती आधीच म्हणते.

तुझ्यावर जीव असलेली,
मावशी

१८ नोव्हेंबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

कागदावर ग्रीसचा अंगठा उमटला आहे, त्याला माझी सही समज.

अशा यंत्राचे, म्हणजे ट्रेनरचे, तीन प्रकार असतात. पहिल्यात सायकलचं मागचं चाक एका स्टँडमध्ये घट्ट आवळायचं. चाकाला एक छोटा रूळ टेकलेला असतो, तो पायाला जोर लावायला लावतो. टायर झिजतो, थोडा रबराचा वास येतो, पण तू जागची हलत नाहीस. दुसऱ्यात मागचं चाक काढून सायकल थेट यंत्राला जोडायची. आवाज जवळजवळ नाही, पण ते धूड एकटीने उचलताना तुझी कंबर धरेल. तिसरा म्हणजे नुसत्या चौकटीत बसवलेले तीन रूळ. सायकल त्यावर मोकळी उभी करायची आणि तोल आपला आपण सांभाळायचा. त्यावरून भलेभले पडतात. मी स्वतः दोनदा कपाटात गेले आहे.

तू पहिला घे. तिसऱ्याकडे बघूसुद्धा नकोस. आईला सांगितलं नाही, पण तिने विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझी लाडकी (दुसरी भाची नाहीच म्हणून),
भिंगरी

२९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस आशीर्वाद.

तिसरा घेतला.

आधी नीट वाच, मग चिड. पहिल्या दोन्हींत सायकल पक्की धरलेली असते, म्हणजे व्यायाम होणार फक्त पायांना. पाय माझे मजबूत आहेत, पस्तीस वर्षं चार मजले चढून कामावर गेले आहे. मला भीती तोल जाण्याची आहे. जे विसरायची भीती, त्याचाच सराव नको का? दुकानदारालाही मी हेच समजावलं. तो म्हणाला की माझ्या वयाच्या कुणी हे आजवर नेलेलं नाही, आणि मग यंत्र स्वतः वर आणून दिलं.

रूळ स्वयंपाकघराच्या दारात मांडले आहेत. दोन्ही हातांना चौकट मिळते. चढण्यासाठी वाचनालयातून रद्द झालेल्या कायद्यांचे दोन जाड खंड आणलेत, आणि मागेपुढे गाद्या. पहिल्या दिवशी अकरा वेळा पडले, दुसऱ्या दिवशी नऊ. चढत्या भाजणीने प्रगती आहे, फक्त आकडे उतरते आहेत.

आता रागाव, पण पत्राने.
मावशी

५ डिसेंबर

ती. मावशीस, नमस्कार घालण्याच्या मनःस्थितीत नाही, तरी सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या हातातला पाना गिऱ्हाइकाच्या पायावर पडला. माझी भागीदार हसून हसून जमिनीवर बसली. तुला सल्ला ऐकायचाच नव्हता तर मला तीन प्रकार लिहायला का लावलेस? दारात चालवतेस, म्हणजे नाक चौकटीवर आपटायची सोय करून ठेवली आहेस.

आता ऐक. नजर पुढच्या चाकावर नको, समोरच्या भिंतीवर ठेव. हँडल आवळू नकोस. आणि हेल्मेट घाल, स्वयंपाकघर असलं तरी.

खालच्या मजल्यावर कोण राहतं? रुळांची घरघर त्यांना छतातून ऐकू जाणार. तक्रार आली तर माझं नाव सांगू नकोस.

काळजीने अर्धी झालेली (उरलेली अर्धी हसते आहे),
भिंगरी

२० जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तक्रार आली नाही, दंतवैद्य आले. खाली एक निवृत्त दंतवैद्य राहतात. दार वाजलं तेव्हा मी माफीची वाक्यं जुळवत होते. त्यांनी अदबीने विचारलं की मी हे रोज किती वाजता करते. चाळीस वर्षं दातांचं यंत्र चालवलं, दवाखाना बंद केल्यापासून घर सुनं सुनं वाटतं, आणि रुळांचा आवाज हुबेहूब तसाच आहे म्हणे. त्या आवाजाने लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि या गृहस्थांना तो कानात साठवायचा आहे. आता रोज पाच वाजता वर येतात, खुर्ची टाकून पेपर वाचतात. मी डळमळले की मान वर न करता म्हणतात, अजून थोडंच राहिलं आहे.

लगेच काही अर्थ काढू नकोस. मला माहीत आहे, तू काढलास.

आणि काल मी चौकटीला हात न लावता वीस मिनिटं चालवली. उतरल्यावर घरभर नाचले. दंतवैद्यांनी पेपर खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

तुझी, न पडलेली,
मावशी

१५ मार्च, तुझं दुकान

चि. भिंगरीस,

हो, तुझ्याच स्टुलावर बसून लिहिते आहे. तू सुटे भाग आणायला गेली आहेस, तासाभरात येशील म्हणतात. मला तासभर दम धरवत नाही, म्हणून तुझ्या बिलांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिते.

बेत फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा होता. दंतवैद्य फाटकाशी टॉवेल घेऊन उभे होते. कोपरा आला आणि कळलं की मला वळताच येत नाही. साडेतीन महिने मी त्या रुळांवर नाकासमोर चालले. तोल असा पक्का झालाय की हँडल वळवायला हात तयारच होईना. थांबता आलं असतं. पण खरं सांगते, थांबायचं मनातच आलं नाही. वारा लागत होता आणि माझी मीच तो कापत होते. कालव्याकाठचा रस्ता पार तुमच्या भागापर्यंत सरळ जातो. पुढे तीन वळणं आली. तिन्ही ठिकाणी उतरले, सायकल हाताने फिरवली आणि परत चढले. एका बाईने मला रस्ता चुकलाय का विचारलं. मी म्हटलं, अजिबात नाही.

दंतवैद्य बहुधा अजून फाटकाशीच आहेत, त्यांना फोन करायला हवा.

आत आले तेव्हा तुझ्या भागीदारणीने पाण्याचा ग्लास पुढे करत विचारलं, की मावशी, तुम्हाला कुणी सोडलं. हा प्रश्न मला आयुष्यभर प्रत्येक दारात विचारला गेला आहे आणि माझ्याकडे कायम कुणाचं तरी नाव असायचं. आज मी म्हटलं, कुणी नाही. ते म्हणताना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं. ती बिचारी घाबरून गेली.

लवकर ये. माया आहेच, ती अशीच राहू दे, आणि आता परत जाण्यासाठी मला वळायला शिकव.

तुझी,
मावशी