लुसीलसाठी टोग

१८ एप्रिल, सकाळी ६
तलावावर अजून बर्फ. यंदा विकतची एकही फ्लाय वापरायची नाही, सगळ्या स्वतः बांधायच्या. गळाला केस, पिसं, दोरा गुंडाळून छोटा मासा करायचा, एवढंच तर आहे. बर्फ फुटला की टोग, म्हणजे आमच्या तलावातला मोठा ट्राउट, छोटे मासे खायला काठाशी येतो. फसणारच.
बायको, लुसील, फेब्रुवारीपासून लुइस्टनला, बहिणीकडे. गुडघ्याचं कारण. शिलाई मशीनही नेलं. बरं केलं, नाहीतर तिथे कंटाळली असती.

२१ एप्रिल
पहिली फ्लाय तयार. चार तास. हरणाच्या शेपटीचे पांढरे केस, वर हिरवं पीस, अंगाला चंदेरी तार. शेजारच्या आर्मांडला दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, "नॉर्म, याने दाढीला फेस छान लागेल." पेपर मिलमध्ये तो माझ्या हाताखाली होता. तोंडावर कौतुक करायला संकोचतो.

२४ एप्रिल
लुसीलला फोन केला. म्हटलं, पहिला टोग तुझ्यासाठी. ती "बरं" म्हणाली. खूश वाटली. मग मेहुणीने फोन घेऊन सांगितलं, "येण्याआधी कळवत जा." काळजी असते तिला.
उद्यापासून रोज तीन फ्लाय. नियम म्हणजे नियम.

२७ एप्रिल
तीन दिवसांत एक झाली. गळ बोटातून आरपार गेला. दुखलं नाही. हल्ली काहीच फारसं दुखत नाही. तब्येत उत्तम आहे.

३ मे
बर्फ फुटला. पहाटेपासून बोटीत. माझी फ्लाय पाण्यात कुशीवर पोहते. दोष नाही, जखमी मासा असाच पोहतो. टोगला हे कळायला वेळ लागेल.

५ मे
अजून कळलेलं नाही. दोन फ्लाय खडकात अडकून तुटल्या. एकीचे केस आपोआप सुटले. आर्मांडला दोन टोग. "माझी घे," म्हणाला. घेतली नाही. तत्त्व आहे.

९ मे, दुपारी
टोग! सहा पौंडांचा! आर्मांडच्या फ्लायवर, पण ती त्याने माझी बघूनच बांधली असणार. उद्या लुइस्टन. येतोय म्हणून कळवायचं नाही, सरप्राइज.

१० मे, संध्याकाळ
अडीच तास गाडी चालवली. दार मेहुणीने उघडलं. लुसील मागून आली, नीट चालत. गुडघा बरा दिसला. खोका उघडून टोग दाखवला. तिने पाहिला, झाकण लावलं.
"नॉर्म, मला टोग आवडत नाही."
कधीपासून, विचारलं.
"लग्नाआधीपासून."
एकेचाळीस वर्षं दर मे महिन्यात मी तिच्या ताटात टोग वाढला. तिचं ताट साफ असायचं. ते कसं, असं विचारल्यावर म्हणाली, "मांजरीला घालायचे."
मग म्हणाली, जपून जा, अंधार पडायच्या आत पोहोच. आत बोलावलं नाही. मीही थांबलो नाही, खोक्यातला बर्फ वितळत होता.
पोहोचलो. टोग सिंकमध्ये आहे. साफ करायला हवा.
मांजर मेली त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर कोण खात होतं, विचारायचं राहिलं.