काचेतली शिंपीण

ता. ४

ती. वन्संना सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, माझं डोकं सोडून. तुमच्या बंधुराजांनी स्टुडिओच्या काचेत समोरच्या शिंपिणीचा फोटो लावलाय. केवढा, तर दाराएवढा. मान तिरकी, दातांत दोरा, आणि उजेड असा, जणू सूर्य तिच्याकडे भाड्यानं राहतो. मी रोज यांचा डबा घेऊन जाते ती तिच्या नाकाखालून. एवढा संसार झाला, माझा एक फोटो त्या काचेत नाही. ओळखपत्रावर आहे तेवढाच, त्यात मी चोर दिसते.

तुम्ही वकिलाकडे टायपिंग करता. फोटो उतरवावाच लागेल असं एखादं कलम शोधा. मी बोलले तर म्हणतात, धंद्यात तोंड घालू नकोस.

माया करताच, पण उत्तर लवकर करा.

तुमची भावजय

ता. ११

चि. सौ. फटाकडीस अनेक आशीर्वाद.

साहेबांना विचारलं. म्हणाले, फोटो काढणं वेगळं आणि दुकानाच्या जाहिरातीला टांगणं वेगळं. टांगायचा तर जिचा चेहरा तिची परवानगी हवी, लेखी असली तर उत्तम. नसेल तर तक्रार शिंपिणीनं करायची, तू नाही. फोटोग्राफरच्या बायकोच्या पोटात दुखतं याला कलम नाही, म्हणून हसले. तुझं नाव मी सांगितलं नाही.

जरा सबुरीनं घे. लोभ आहे, तो भांडलीस तरी राहील.

तुझी नणंद

ता. १९

ती. वन्संना सा. न.

पत्र वाचलं आणि तडक शिंपिणीकडे गेले. म्हटलं, बाई, न विचारता तुझं तोंड रस्त्यावर टांगलंय, तक्रार कर, मी पाठीशी आहे. ती मशीन न थांबवता म्हणाली, त्यांनी दोनदा विचारलं, मग सही घेतली. नको वाटेल त्या दिवशी उतरवीन म्हणाले. वर म्हणाली, बायको नाही म्हणाली म्हणून तिचे फोटो कपाटात ठेवलेत, असंही सांगत होते.

घरी येऊन कपाट उघडायला लावलं. वन्सं, गठ्ठा निघाला. केस वाळवताना मी, भांडताना मी, उन्हात पेंगताना मी. उजेड शिंपिणीपेक्षा चांगला पडलाय, खोटं कशाला बोलू. हे काचेत का नाहीत विचारलं. तर म्हणाले, लग्नानंतर विचारलं होतं, तेव्हा चारचौघांत माझं तोंड टांगलंत तर कॅमेरा विहिरीत टाकीन म्हणालीस. त्यानंतर तू कधी हो म्हटलं नाहीस.

काल सही दिली, केस वाळवतानाच्या फोटोला. शिंपीण राहू दे म्हटलं. पण माझा तिच्यापेक्षा हातभर मोठा हवा, काच बदलावी लागली तरी बेहत्तर. अशी अट कायद्यात बसते का, तेवढं साहेबांना विचारा.

लोभ आहेच, तो शिंपिणीकडे वळू देऊ नका.

तुमची भावजय