लॅमिनेट केलेल्या नोकऱ्या

५ जुलै
आज सिल्व्हर पार्कजवळच्या हॉलमध्ये शाळांच्या करिअर समुपदेशकांची मासिक बैठक. समुपदेशक म्हणे! ज्या बाईंचे तास कमी भरतात, त्यांच्या गळ्यात शाळांनी हे लोढणं अडकवलंय. मी महिनाभर कंपन्यांचे उंबरे झिजवून कुठे भरती आहे, कुठे बंद झाली ते गोळा करते — आणि ह्या बायका माझ्या स्लाइडचे फोटो काढून गुलाबाच्या फुलासकट पालकांच्या ग्रुपवर टाकतात.

भाईंदर पश्चिमेच्या एका शाळेतल्या गिरिजाबाई तर कहरच. गेल्या वर्षीचा नोकऱ्यांचा तक्ता चक्क लॅमिनेट करून भिंतीवर लावलाय. "खराब होऊ नये म्हणून हो, रसिका मॅडम." अहो, त्यातल्या अर्ध्या नोकऱ्या केव्हाच खराब झाल्या!

२ ऑगस्ट
आजच्या बैठकीत डेटा एंट्री यादीतून पुसून टाका म्हटलं. सोलर पॅनलची देखभाल, डायलिसिस टेक्निशियन, गोदामातली कामं सांगितली. गिरिजाबाईंचा हात वर. "ह्याला वयाची अट काय असते?"

मी म्हटलं, "तुमच्या दहावीत पंचेचाळीस वर्षांची मुलं आहेत का?" सगळे हसले. त्याही हसल्या. मग डबा उघडून शेंगदाण्याचे लाडू फिरवले. मी घेतला नाही.

९ ऑगस्ट
बाईंचा फोन. "डायलिसिसला सायन्सच लागतं का? बीए झालेलं चालत नाही?" दहावीच्या मुलांना बीएचं काय सांगणार आहेत देव जाणे. डोकं घरी ठेवून शाळेत जातात बहुतेक.

५ सप्टेंबर
गिरिजाबाईंच्या शाळेत शिक्षक दिन, मी पाहुणी. हार, नारळ, रटाळ भाषणं. चहाच्या वेळी संस्थेचे सचिव, दत्ताराम शेठ, हळूच म्हणाले, "गिरिजा मॅडम कशा वाटतात?" मी स्पष्ट सांगितलं — माहिती त्यांच्यापर्यंत पोचते आणि तिथेच मरते. खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही.

"बरं झालं बोललात. दिवाळीनंतर त्यांची पोस्टच ठेवायची का, तेच बघतोय. मॅडमना जूनमध्येच कल्पना दिलीय."

जूनपासून माहितेय, मग तरी सुधारायचं ना! काही माणसांना नोकरीची किंमतच नसते.

४ ऑक्टोबर
बाई आज पहिल्या रांगेत. वहीत भराभरा लिहीत होत्या. आता जाग आली!

१ नोव्हेंबर
बैठकीला त्यांच्या शाळेतून कुणीच नाही. चौकशी केली तर म्हणे बाईंची पोस्टच बंद केली. एक डोकेदुखी गेली.

संध्याकाळी बाईंचा फोन. "मॅडम, तुम्ही सांगितलेल्या चार ठिकाणी जाऊन आले. वय विचारतात आणि उठवतात. पुढच्या बैठकीत पंचेचाळिशीत घेतात असं काही सांगाल का? मी आता समुपदेशक नाही, आत नाही येणार. दाराबाहेर बसून ऐकेन."