पिलाची वाकडी मान

देवरी, मार्गशीर्ष, मंगळवार, सन १९३८

कोंबडीच्या पिलाची मान आजही पाठीकडेच वळलेली. दाणे पायाशी आणि डोळे आढ्याकडे. दोन पावलं टाकतं नि कोलमडतं. मी लाडाने गिरणीच्या तांदळाची पांढरी कणी चारत होतो. शेजारची सोमाबाई आपल्या पिलांना कोंडा घालते, ती सगळी तुरुतुरु धावतात. म्हणजे ही मान मीच वाकडी केली?

सोमाबाई म्हणाली, "गुरुजी, कायले हाल करून राहिले जी त्याचे? कापून टाका." मग स्वतःच भिजवलेला कोंडा देऊन गेली.

उशीर तर झाला नाही ना? बोटांनी मान सरळ धरली की खातं. सोडली की पुन्हा आढ्याकडे. तीनदा सोडून पाहिली. आता सोडवत नाही.

हे डाव्या हाताने लिहितोय.