तुळजा विहिरीवर आली

इस्लापूर, चैत्र

तीर्थरूप अप्पांच्या चरणी उमाचं शरणु-शरणार्थी.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं. आपला लातूर वेगळा जिल्हा झाला, आता तरी औशात टँकर रोज येतो का? अव्वाची कंबर कशी आहे?

दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. मी इथं ज्या गावच्या तरुण मंडळासोबत काम करते, त्यांची विहीर खोदताना दरड कोसळली आणि दगडोबा तिच्याखाली गेला. मंडळ त्यानंच उभं केलं होतं. पोरांनी काम सोडलं. मीही सामान बांधलं.

दिवसकार्य झाल्यावर त्याची बहीण तुळजा विहिरीवर आली. बैठकीत कधी तोंड न उघडणारी पोरगी. म्हणाली, "ताई, तुमी जाताल. आमाला तं हितंच ऱ्हायचं हाय, पाण्याबिगर कसं ऱ्हावं?" मग पोरांकडं वळली. "आधी कडंला लाकडं लावा. मगच खाली उतरा."

पोरं उठली. मी सामान सोडलं.

आता मंडळ तुळजाच चालवते. पाणी अजून लागलेलं नाही.

मला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दिवाळीनंतर या म्हणावं. मी विहिरीत उतरत नाही, असं अव्वाला सांगा. तुमच्याशी मात्र खोटं बोलवत नाही.

तुमची लेक,
उमा