दीड तासाचं नागपूर

९ नोव्हेंबर, रविवार

नागपूरहून भाची प्रेरणाचा फोन. मुक्ताताईचं बायपास ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. "मावशी, आई म्हणते, राजूला, म्हणजे तुला, एकदा बघायचंय. आधी."

मी काय बोलावं? "अगं, सातशे किलोमीटर! शाळा चालू आहे, कसं जमणार…" थोरली बहीण बोलावतेय आणि मी किलोमीटर मोजतेय.

प्रेरणा म्हणाली, "विमानाने दीड तास. तुला लोणावळ्याहून पुण्याच्या विमानतळावर पोचायला त्याहून जास्त लागेल." तिकीट तिनेच काढलं. गुरुवार, दुपारी पावणेदोन.

एकावन्न वर्षांची झाले, विमानात बसले नाही. नुसत्या विचाराचीही भीती वाटते. हे प्रेरणाला सांगवेना.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सातवीला नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढायला शिकवलं. पुणे–नागपूर. एक मुलगी म्हणाली, "बाई, एवढंसंच?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

लिहायचीही लाज वाटते. पण कुठेतरी खरं लिहायला हवंच.

साडेअकरालाच विमानतळावर पोचले. दारावर शिपाई तिकीट बघत होता. माझ्यापुढे एक म्हातारी, पायात रबरी चपला, मजेत आत गेली. माझा नंबर आला — आणि मी बाजूला झाले! "मागच्यांना जाऊ द्या," म्हणाले. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. सव्वादोन तास. बॅग मांडीवर. डोक्यावरून एक विमान गेलं तेव्हा डोळे घट्ट मिटले.

पावणेदोन वाजून गेल्यावर फोन केला. "विमान चुकलं गं. सोमाटण्याजवळ ट्रक उलटलाय, तासभर अडकले." माहेर तिथल्याच परंदवडीचं, म्हणून वाटेतलं सोमाटणंच तोंडात आलं. प्रेरणा काही बोलणार तेवढ्यात ताईने फोन घेतला. तीस वर्षं नागपुरात आहे, पण बोली अजून तीच — "असू दे गं राजू. रस्त्याचं काय आपल्या हातात हाय? नीट घरी जा. जेवलीस का?"

उद्या तिची छाती उघडणार आणि ती मला विचारते, जेवलीस का!

घरी यजमानांना, कैलासनाही, ट्रकचंच सांगितलं. ते पाणी घेऊन आले. "लय दमलीस," म्हणाले. तोंड वर करवेना.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑपरेशन नीट झालं. तिला आत नेलं तेव्हा मी सातवीच्या वह्या तपासत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

काल दुपारी बसने निघाले. आज सकाळी नागपूर. पाय सुजलेत — बरं वाटलं, काहीतरी सोसलं म्हणून. ताई आयसीयूत. काचेतून पाहिलं. केवढीशी झालीये! तिने बोटं हलवली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला खोलीत आणलं. तिचा डोळा लागला म्हणून प्रेरणा हळूच म्हणाली, "मावशी, आईने बजावलंय, तरी सांगते. गुरुवारी तुझं विमान तीन तास उशिरा सुटलं. आई मोबाईलवर तेच बघत बसली होती. तू फोन केलास तेव्हा ते जमिनीवरच होतं. मी सांगणार, तर माझ्या हातातून फोन घेतला. नंतर म्हणाली, 'राजूला ह्यातलं कायबी बोलायचं न्हाई. ल्हानपणापास्नं भित्री हाय ती.'"

मी वळून पाहिलं. ताई जागी होती. तिने पटकन डोळे मिटून घेतले.