२१४ ला बाहेरची लाइन

३ फेब्रुवारी
मोरबीच्या या टाइल्सच्या कारखान्यात आज टेलिफोन ऑपरेटर म्हणून रुजू झाले. बाला, माझ्या आईला, वाटत होतं, वांकानेरबाहेर आपल्या किन्नरीला कोण उभं करणार! पण मॅनेजर वसरामभाईंनी पहिल्याच दिवशी गांठिया आणि तळलेल्या मिरच्या मागवल्या. चहावाल्या रमीलाबेन बशी पुढे सरकवत म्हणाल्या, आधीची जागृती लग्न करून गेली, तूही टिकायची नाहीस. मी म्हटलं, आधी खुर्ची तर गरम होऊ दे!

५ फेब्रुवारी
बोर्ड हाताला बसला. माणूस जागेवर नसेल तर त्याचा फोन ७१ ते ७४ पैकी एका नंबरावर पार्क करायचा आणि भोंग्यावरून नाव पुकारायचं. तो असेल तिथल्या फोनवर नंबर फिरवतो आणि बोलतो. बाहेरची लाइन मात्र फक्त माझ्या हातात. मी बटण दाबल्याशिवाय कारखान्यातून बाहेर फोन लागत नाही. वसरामभाईंची ताकीद आहे: कामगाराला लाइन द्यायची नाही, त्याचा बाप मेला तरी.

९ फेब्रुवारी
झाबुआकडच्या एका गावातून थावरी नावाच्या बाईचा फोन, तिथल्या बूथवरून. भाऊ कालसिंग इथे टाइल्स दाबायच्या प्रेसवर आहे, दोन महिने त्याचा आवाज नाही. वसरामभाई म्हणाले, पळाला तो, सांग तिला. सांगितलं. ती म्हणाली, ताई, पळाला असता तर घरीच आला असता ना?

१२ फेब्रुवारी
थावरीचा आज चौथा फोन. वसरामभाई जेवायला गेले होते. मी तिला ७३ वर पार्क केलं आणि भोंग्यावर पुकारलं: कालसिंग, ७३.
कुणीतरी उचलला. दिवा २१४ चा. रंगाचं जुनं गोदाम, यादीत 'बंद' लिहिलेलं.
मी कान लावला. कालसिंगच होता. पोत्यांमागे हा फोन सापडलाय, पण बाहेर लागत नाही, म्हणाला. प्रेसखाली उजवा हात मनगटापर्यंत चिरडला. दवाखान्यात न्यायचं सोडून इथे कोंडलंय. एवढ्यात दार वाजलं. रिसीव्हर पोत्यांत पडला असावा. आवाज वसरामभाईंच्या ड्रायव्हरचा, लाखोचा. कागदावर अंगठा मागत होता. "लाव की, लेका, एकच तर उरलाय!" मग लोखंडी पाइप. आधी हाडावर बसल्याचा आवाज, मग ओल्या मातीत बसल्यासारखा. तिकडे थावरी किंचाळत होती. मला फोन तोडवेना.

१३ फेब्रुवारी
वसरामभाईंनी जेवता जेवता भोंगा ऐकला होता. हसतच आले. पळालेल्या माणसाला हाका मारतेस, बेन? माझा डावा हात टेबलाच्या खणात धरला आणि गुडघ्याने खण बंद केला. दोनदा. करंगळीचं हाड बाहेर आलं. फोन कुणी उचलला हे त्यांना अजून ठाऊक नाही.
रमीलाबेननी फडकं बांधलं. म्हणाल्या, नशीब समज. जागृतीचा उजवा होता.

१४ फेब्रुवारी, सकाळ
पोलीस चौकीला फोन केला. सगळं सांगितलं. साहेबांनी किती मायेनं विचारलं, नाव काय, बेन? कुठल्या बोर्डावरून बोलतेस?

दुपार
चौकीचा फोन. वसरामभाईंना द्या, म्हणाले. मागे कुणीतरी हसत होतं.
७१ वर पार्क केलाय. पुकारलं नाही. पण त्यांच्या केबिनमध्येही दिवा लुकलुकत असणार —

२१४ ला बाहेरची लाइन दिली. थावरी बूथवर आहे, गाव जमलंय. कालसिंग बोलतोय. तोंडात दात नाहीत, शब्द नीट फुटत नाही. त्याच्याआधी इथे मेलेल्या कामगारांची नावं सांगतोय. मातीच्या टाकीमागे पुरलेत. ते तिकडे लिहून घेतायत. मीही —

दाराला कपाट लावलं. एका हातानं —

७१ चा दिवा लुकलुकायचा थांबला. उचलला.

जिन्यावर दोघं. पाइप कठड्यावर वाजतोय. मी उठले तर बोर्डाची तार उपटतील. नावं संपेपर्यंत —

वेस्ता डामोर.
नानका, त्याचा भाऊ.
रुमाल भाबर, वय सतरा —

बाहेर रमीलाबेन ओरडतायत, बेन नाही आत, घरी गेली ती — पाइपाचा आवाज. आता ओरडत नाहीत.

फळी फुटली. लाखोचा हात आत —

चौथा, भे